रुमालाखालचा हुंदका

माझा नवरा कॉर्नेट वाजवताना उजव्या हातावर रुमाल टाकायचा. पांढराशुभ्र, मीच इस्त्री केलेला. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचंच आखूड भावंड. त्याला तीन खटके असतात, आणि कोणता खटका कधी दाबला हे पाहून हुशार माणूस दुसऱ्याची चाल उचलू शकतो. म्हणून आमच्या न्यू ऑर्लिन्समध्ये बरेच वाजवणारे बोटं झाकून घेत. पण बाकीचे ते मिरवणुकीत, चार स्पर्धक समोर असताना करत. आमचा आरिस्तीद घरातसुद्धा करायचा, मी समोर एकटी भेंडी चिरत बसलेली असताना.

"अरे, मी शिवणकाम करणारी बाई," मी म्हणायची. "तुझी बोटं चोरून काय लोणचं घालू?"

"सवय मोडायला नको," एवढंच म्हणून तो रुमाल नीट करायचा.

आता खरं सांगायचं तर झाकण्यासारखं त्याच्याकडे होतं. ट्रेमे वस्तीत आरिस्तीद फोशेचं नाव घेतलं की लोक टोपी सरळ करत. 'ऑरियन' बँड त्याचा. त्याचे गुरू प्रोफेसर लानूस. फ्रेंच पद्धतीने शिकवणारे, वाद्याला हात लावण्याआधी प्रत्येक सूर तोंडाने म्हणायला लावणारे, आणि चुकला की काठीने बूट ठोकणारे. स्वच्छ, घासलेल्या चमच्यासारखा सूर त्याला तिथून मिळाला. ऑपेराच्या सगळ्यात वरच्या सज्जात तो मला लग्नाआधी घेऊन जायचा. नायिका मरायला लागली की हा माझा हात सोडून डोळे पुसायचा, आणि पुढच्या शनिवारी तिचंच मरण नाचाच्या चालीत घालून लोकांना नाचवायचा. मोठ्या प्रदर्शनासाठी मेक्सिकोचा लष्करी बँड आला होता, त्यातला एक वादक मागे राहून आमच्याच गल्लीत जोडे शिवत बसला होता. त्याच्याकडून आरिस्तीदने जिभेचं काम घेतलं. सूर सोडताना जीभ अशी लावायची की टोक लागलं हे कळूच नये. हे सगळं तो उघड सांगायचा, छाती फुगवून सांगायचा.

एक गोष्ट मात्र सांगायचा नाही. गेल्या काही काळात त्याच्या वाजवण्यात एक हुंदका आला होता. वरचा सूर धरायचा, तो हळूच वाकवायचा, इतका की आता तुटतो की काय, आणि मग घशात अडकल्यासारखा करून खाली सोडायचा. पहिल्यांदा मी तो एका अंत्ययात्रेत ऐकला. स्मशानाकडे जाताना बँड संथ भजन वाजवत होता. तो सूर आला आणि रस्त्याच्या कडेच्या बायकांनी डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवल्या. प्रोफेसर लानूस त्या गर्दीत होते. ते म्हणाले, "हे मी शिकवलेलं नाही," आणि काठी टेकत निघून गेले. ते कौतुक होतं की शिवी, कोणाला कळलं नाही.

लोक विचारायचे, फोशे, हे कुठून आणलं? तो बोट वर करून म्हणायचा, "वरून." मीही मानलं. नवऱ्याचं एवढं तरी बायकोने मानावं.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही मिल्नबर्गला गेलो होतो. तळ्याच्या पाण्यावर लाकडी मांडव, प्रत्येक मांडवात वेगळा बँड, वेगळं खाणं, वेगळी भांडणं. मी खेकडे फोडत बसले होते. शेजारच्या मांडवातून तो हुंदका आला. मला वाटलं, हा जेवण सोडून वाजवायला कधी गेला? मान वळवली तर आरिस्तीद माझ्या शेजारीच बसलेला, हातात खेकड्याची नांगी. ती त्याच्या हातातून ताटात पडली.

वाजवणारा होता एझेल प्रुइट. कॅनॉल रस्त्याच्या पलीकडचा, दिवसा कोळशाची गाडी हाकणारा, कागदावरचा एक सूर वाचता न येणारा तरुण. कॅनॉलच्या अलीकडे आम्ही. फ्रेंच बोलणारे, मोठ्या चर्चमध्ये जाणारे, आजोबांच्या आजोबांपासून गुलामीतून सुटलेले. पलीकडे ते, बापाच्या पिढीपर्यंत मळ्यांवर गुलाम असलेले. गोऱ्यांच्या नव्या कायद्याला दोघंही काळेच, म्हणून त्याने आम्हा दोघांना ट्रामच्या एकाच मागच्या बाकावर बसवलं होतं, पण बाकावरसुद्धा आमच्यातले काही लोक मधे टोपली ठेवायचे.

"सारखंच वाजवतो रे हा," आमच्या ढोलवाल्याने भाबडेपणाने म्हटलं.

आरिस्तीदचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तो म्हणाला, "माझ्या घरात चोर आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात संशयाचं भूत शिरलं. भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. रियाझाच्या वेळी दाराच्या फटीत माझी कापडं कोंबलेली. शेजारच्या मादाम ओडीलियाचा पोपट शीळ घालायचा, तर हा तिच्या दारात जाऊन म्हणाला, मी वाजवत असेन तेव्हा पिंजऱ्यावर चादर टाका. ती म्हणाली, "मस्यू फोशे, माझ्या पोपटाला फक्त शिव्या येतात. म्हणून दाखवायला सांगू का?" मग ढोलवाल्याची पाळी आली. तो म्हणे पलीकडच्या गुत्त्यात बसतो. ढोलवाला म्हणाला, मी बसतो खरा, पण ढोलावर हुंदका कसा वाजवून दाखवू, तूच सांग. सगळे हसले. आरिस्तीद हसला नाही.

शेवटी तो माझ्या भावावर आला.

नुमा माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला. दिवसा सिगार वळायचा, संध्याकाळी 'ऑरियन'मध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आमच्याच मागच्या खोलीत राहायचा. त्याला क्लॅरिनेटही आरिस्तीदनेच हातात दिली होती. आरिस्तीदने नुसतं मान हलवून 'बरं' म्हटलं तरी नुमा आठवडाभर शीळ घालत हिंडायचा.

आमच्या पुढच्या खोलीत सराव होता. सगळा बँड हजर. मी सर्वांना कॉफी देत होते. आरिस्तीदने मधेच हात वर केला.

"नुमा, बुधवारी कुठे असतोस तू?"

"कुठे म्हणजे? फिरायला जातो."

"कॅनॉलच्या पलीकडे?"

"पलीकडे काय वाघ आहेत?" नुमा म्हणाला. "जातो कधीकधी."

"आणि माझा हुंदकाही पलीकडे जातो. एकटा चालत गेला नसेल."

मी ट्रे घेऊन तशीच उभी. नुमाला आधी वाटलं, थट्टा आहे. मग त्याचे कान लाल झाले.

"मी तुझी चाल विकली म्हणतोस?"

"मी म्हणत नाही. आख्खं मिल्नबर्ग म्हणतंय."

"विकली म्हणतोस तर काय विकलं ते तरी सांग," नुमा म्हणाला. "त्या सुराला तुझी बोटं हलतच नाहीत, आरिस्तीद. एक खटका दाबून ठेवतोस आणि बाकी सगळं ओठांनी करतोस. रुमालाखाली झाकायला आहेच काय?"

मला वाटलं, आता तरी हा वरमेल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्याला समजेल. पण आरिस्तीद टाळी वाजवून उठला.

"ऐकलंत? रुमालाखाली काय आहे हे याला ठाऊक आहे! मला न कळता पाहिल्याशिवाय कसं कळेल?"

नुमाने वाद करायला तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि का कोण जाणे, तोंड मिटून घेतलं. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, पुसले, पेटीत ठेवले. त्याच संध्याकाळी तो आपलं कपड्यांचं गाठोडं घेऊन तंबाखूच्या वखारीजवळच्या एका भाड्याच्या खोलीत गेला. जाताना मला म्हणाला, "रडू नकोस, तितीन. शेवया जळतील."

शेवया जळल्याच.

आमच्या शहरात वाजवणाऱ्याला दारू माफ असते, बायका माफ असतात, उशिरा येणंही माफ असतं. चाल विकणारा मात्र मेल्यासारखा. 'तो नुमा ना? तो विकतो,' एवढं एक वाक्य कोपऱ्याकोपऱ्यावर फिरलं, आणि त्याला अंत्ययात्रेलासुद्धा कोणी बोलावेना. अंत्ययात्रेला, जिथे आम्ही झोपेतल्या माणसालाही उठवून वाद्य हातात देतो! एक तंबूचा खेळ मोबील शहराकडे निघाला होता, त्यांच्याबरोबर जातो म्हणाला. तोंडाला काळं फासून विदूषकांमागे वाजवायचं काम. आईने मरताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता. मी शिवणयंत्रावर बसायची आणि सुई बोटात जायची.

असं चाललेलं असताना मलाच एक संशय आला. आता घरात संशयाची शिकवणीच चालू होती म्हटल्यावर मी तरी कोरडी कशी राहणार?

आरिस्तीदही बुधवारी बाहेर जायचा. लॉजची, म्हणजे आमच्या बंधुमंडळाची, सभा आहे म्हणायचा. बूट घासून, कॉलर लावून, पण कॉर्नेट न घेता. मी लॉजसाठी मिरवणुकीचे पट्टे शिवते. पट्टे द्यायला गेले तेव्हा सहज बोलता बोलता कळलं, सभा गुरुवारी असते, आणि तुमचे हे तर कधीच येत नाहीत. घरी आला की त्याच्या कोटाला लाकडाचा भुसा लागलेला असायचा. चेहरा असा मऊ, तृप्त, जसा माझ्याबरोबर असताना कित्येक दिवसांत झाला नव्हता. मी काय समजायचं? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते पाणी परकर नेसणारं असणार अशी माझी खात्री झाली.

पुढच्या बुधवारी मी त्याच्या मागे निघाले. उन्हं अजून छपरांवर होती. डोक्यावरून शाल घेतली, शिवणाची टोपली हातात, म्हणजे कोणी विचारलं तर कामाला निघालेली बाई. तो कॅनॉल ओलांडून गेला. पलीकडची बाई! घरात नुमाला ज्या रस्त्यावरून चोर ठरवलं, त्याच रस्त्याने हा स्वतः चालला होता.

डांबरी रस्ता संपला, चिखलाची वाट लागली. वाटेच्या शेवटी फळ्यांचं एक छोटं, चुना दिलेलं देऊळ होतं. त्या लोकांचं चर्च, जिथे डफ वाजवून, पाय आपटून देवाला हाका मारतात. आमचे पाद्री त्याला गोंधळ म्हणत. आरिस्तीद दारातून आत गेला नाही. बाजूच्या बोळात वळला आणि कुंपणाशी, लाकडांच्या ढिगाला टेकून उभा राहिला. मी कोपऱ्यावरच्या पंपाआड थांबले.

आतून एका बाईचा आवाज आला.

तो आवाज ऐकताना मी आरिस्तीदकडे बघत होते. त्याचे डोळे मिटलेले, ओठ पुढे करून घट्ट मुडपलेले. मला वाटलं, झालं, हा तिला मनातल्या मनात मुके देतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टोपलीतली कात्री हाताशी होती, देवाची शपथ. आणि मग आतल्या बाईने वरचा सूर धरला, वाकवला, तुटेतुटेपर्यंत नेला, घशात अडकवला आणि खाली सोडला. त्याबरोबर आरिस्तीदचे ओठही वाकले, थरथरले, सुटले. तो मुका नव्हता. तो कॉर्नेट वाजवत होता, कॉर्नेट नसताना.

मी पंपाआडून निघून सरळ देवळाच्या दारात गेले. पांढऱ्या कपड्यातली एक बाई हातात पंखा घेऊन दाराशी उभी होती.

"या, आत या," ती म्हणाली. "बाहेरून देव निम्माच ऐकू येतो."

"गातात त्या कोण?"

"मदर सव्हाना. तुम्हाला माहीत नाहीत? नदीकाठच्या मळ्यातून आल्या त्या. शेतात गायच्या, आता इथे गातात."

गाणारी बाई म्हातारी होती, थोराड, पाय सुजलेले, खुर्चीत बसून गात होती. तिच्या पायाशी पुढच्या बाकावर एक तरुण डफ वाजवत होता. मिल्नबर्गचा तो कोळसेवाला.

"आणि तो?"

"एझेल ना? नातू त्यांचा. रांगायचा तेव्हापासून या बाकावर आहे."

मी बाजूच्या खिडकीकडे पाहिलं. झडप सताड उघडी होती, बाकीच्या सगळ्या डासांमुळे लावून घेतलेल्या. उघड्या खिडकीबाहेर कुंपण, आणि कुंपणाशी माझ्या नवऱ्याची टोपी.

"ती एक उघडी कशी?" मी विचारलं.

पंखेवाली हसली. "कुंपणवाल्यासाठी. बुधवारी येतो एक साहेबासारखा माणूस. आम्ही त्याच्यासाठी आत खुर्ची ठेवत होतो, तो येतच नाही. मदर म्हणाल्या, भुकेला आहे पण लाजतो, तेवढी खिडकी उघडी ठेवा म्हणजे त्याला नीट पोचेल."

मला त्या क्षणी जी लाज वाटली ती माझी नव्हती, पण मीच ती घेऊन घरापर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"काल लॉजची सभा कशी झाली?"

"लांबली जरा."

"गाणं चांगलं झालं का?"

कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. "माझ्या मागावर होतीस?"

"होते."

"आपल्या नवऱ्यावर संशय घेतेस?"

"हो. तूच शिकवलंस, आणि शिकवणी चांगली होती," मी म्हणाले. "आता सांग, वरून मिळालं म्हणत होतास ते किती वरून? खिडकीच्या चौकटीपासून?"

"मी नुसता ऐकतो. ऐकणं म्हणजे चोरी नाही. प्रोफेसरांकडून घेतलं, मेक्सिकोवाल्याकडून घेतलं..."

"त्यांची नावं तू दारोदार सांगतोस. हिचं का नाही सांगत?"

त्याने कॉफीचा घोट घेतला.

"आणि एझेलने कुठून घेतलं असेल मग?"

"एझेल!" तो उसळून म्हणाला. "त्याला काय, आजीच्या पायाशी बसून आयतं मिळालंय. मला कुंपणाबाहेर..."

तिथेच तो थांबला. मी आजीचं नाव काढलं नव्हतं. मी फक्त एझेल म्हणाले होते.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," मी म्हणाले. "मिल्नबर्गला ऐकलंस तेव्हाच ठाऊक होतं. तू त्याला त्या बाकावर कधीपासून बघतोयस."

आरिस्तीदने कप खाली ठेवला. मला वाटलं होतं तसा तो भांडला नाही.

"लोक विचारायला लागले होते, तितीन. दोघांचं सारखं कसं? कोणी माग काढत गेलं असतं तर त्या फळीच्या देवळाशी पोचलं असतं. तिथे मला पाहिलं असतं. आरिस्तीद फोशे, लानूसांचा पट्टशिष्य, चिखलात उभा. प्रोफेसर अजून जिवंत आहेत. माझी आई जिवंत आहे. पण चोर घरातच आहे म्हटलं की मग कोणी बाहेर शोधत नाही."

"आणि नुमा?"

"नुमा हाताशी होता."

ज्या सहजपणे माणूस 'काठी हाताशी होती' म्हणतो ना, तसं म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याच रागात मला तो कुंपणाशी डोळे मिटून उभा असलेलाही दिसत होता. दयाही येत होती. त्याचा मला जास्तच राग आला.

"आजच्या आज बँडला बोलाव आणि सांग," मी म्हणाले. "तुझ्या देवळाचं नाव नको सांगूस वाटलं तर. एवढंच सांग, नुमाने काही विकलं नाही, मी चुकलो."

त्याने दिवसभर विचार केला. संध्याकाळी कॉलर लावून माझ्यासमोर उभा राहिला. "नुमाला जाऊन सांग, मी त्याला माफ केलं. येऊ दे परत."

माफ केलं! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराने माफी वाटलेली पहिल्यांदाच पाहिली.

मी नुमाच्या खोलीवर गेले. तो खिडकीत बसून क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पात घासत होता. मी माफीचा निरोप सांगितला नाही, सगळं पाहिलेलं सांगितलं. कुंपण, खिडकी, मदर सव्हाना, एझेल. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी पातीवर फुंकर मारून म्हणाला, "मला ठाऊक आहे गं."

"काय?"

"ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत मी त्याला तिथे पाहिलं. मी आत होतो."

"आत? तू?"

"मग काय, कुंपणाला लटकू? आत जागा होती, त्यांनी या म्हटलं, बसलो."

मी त्याच्या दंडावर चापट मारली. "मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीस? एक वाक्य बोलला असतास तर!"

"बोलणार होतो. तू ट्रे घेऊन उभी होतीस. तू त्याच्या नावाने चार लोकांत मान वर करून चालतेस, तितीन. म्हटलं, आज गप्प बसू, उद्या त्याला आपोआप लाज वाटेल." तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "त्याच्या लाजेची वाट बघत बसलो. ती काही आली नाही."

"मोबीलला जाऊ नकोस."

"नाहीच जात. एझेल भेटला होता. म्हणाला, आमच्या बँडला क्लॅरिनेट नाही. मी म्हटलं, बाबा, माझ्यावर शिक्का आहे, मी चाली चोरतो म्हणतात. तर तो म्हणाला, चोर की. आजीकडे पुष्कळ आहेत."

रविवारी दुपारी आमच्याकडे बँड घोडागाड्यांवर बसून रस्त्यारस्त्याने वाजवत फिरतात. संध्याकाळच्या नाचाची ती जाहिरात असते. दोन गाड्या एकाच कोपऱ्यावर आल्या की लोक सोडत नाहीत. चाकाला चाक लावून दोरीने बांधून टाकतात आणि म्हणतात, आता वाजवा. गर्दीचा कौल लागेपर्यंत कोणीही हलायचं नाही. त्या रविवारी 'ऑरियन'ची गाडी आमच्या कोपऱ्यावर आली आणि समोरून एझेलची गाडी आली. मी दारातच उभी होते. लोकांनी आरडाओरडा करत चाकं बांधली.

एझेलच्या गाडीत मागच्या बाजूला नुमा होता.

त्याला पाहिल्याबरोबर गर्दीत कुजबुज उठली. "बघ, फोशेचा मेव्हणा! तिकडे!" "म्हणजे फोशे म्हणत होता ते खरंच." "चाल विकली ती विकलीच, वर तिकडे जाऊन बसलाही." कोणीतरी नुमाच्या दिशेने संत्र्याची साल फेकली. ती त्याच्या खांद्यावर बसली. त्याने ती काढलीही नाही.

आणि मी आरिस्तीदचा चेहरा पाहिला. त्याला हायसं वाटलं होतं. त्याचं खोटं आता आपल्या पायांनी चालत येऊन समोरच्या गाडीत बसलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्याने हात पसरून लोकांना म्हटलं, "मी काय सांगत होतो? आता स्वतःच बघा!"

एवढं तो बोलला नसता, तर मी कदाचित गप्प राहिले असते. दोघांपैकी कोणाचं तरी नाव बुडणार होतं, आणि मला दोघंही हवे होते. पण ते हात पसरणं मला सहन झालं नाही. मी उंबऱ्यावरून उतरले, गर्दीतून वाट काढत दोन गाड्यांच्या मधे, बांधलेल्या चाकांपाशी गेले, आणि माझा आवाज मला पुरेल की नाही याचा विचार न करता ओरडले.

"नुमाने काही विकलेलं नाही! हा हुंदका या पोराच्या आजीचा आहे. मदर सव्हाना नाव तिचं. दर बुधवारी माझा नवरा तिच्या देवळाच्या कुंपणाबाहेर उभा राहून तो चोरून ऐकतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि एझेल तिचा नातू आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या भावाला चोर म्हणाला तेव्हाही ठाऊक होतं!"

ढोलवाल्याने टिपऱ्या मांडीवर ठेवल्या. सगळे आरिस्तीदकडे बघत होते, तो माझ्याकडे. पोपटावर, ढोलवाल्यावर, माझ्या भावावर, जगातल्या प्रत्येकावर त्याने संशय घेतला होता. माझ्यावर कधी घेतला नव्हता.

एझेल गाडीच्या कठड्यावरून वाकला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता, "मस्यू, आजी नेहमी विचारते. तुम्ही आत का येत नाही?"

आरिस्तीद गाडीवानाकडे वळून म्हणाला, "हाक. हाक गाडी."

"कशी हाकू?" गाडीवान म्हणाला. "चाकं बांधलीत."

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. दोरीची गाठ माझ्या हाताशीच होती, माझ्या रोजच्या गाठींपेक्षा सोपी, एका ओढीत सुटली असती. त्याची मला फार दया आली. मी ती गाठ सोडली नाही.